आरशाची मागची बाजू

जुना आरसा घ्यायला आलेली माणसं आधी त्यात स्वतःला बघतात. केसांवरून हात फिरवतात, दोन पावलं मागे जातात आणि मग किंमत विचारतात. मी दुकानदाराला आरसा भिंतीपासून पुढे ओढायला सांगते आणि मागे जाऊन उकिडवी बसते. आरशाची खरी हकीकत पाठीवर असते. फळ्या कुठल्या लाकडाच्या आहेत, खिळे कसे गंजलेत, कुणी मधेच प्लायवूड ठोकलंय का, फळीवरची धूळ कडेकडेला आहे की सगळीकडे सारखी माखलेली, हे सगळं तिथे दिसतं. सारखी माखलेली धूळ दिसली की मी सावध होते. शंभर वर्षांत धूळ अशी शिस्तीत बसत नाही.

जुनं फर्निचर दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय. त्या निमित्ताने मुंबईच्या चोर बाजारातली मटण स्ट्रीट, ओशिवऱ्याची फर्निचरची दुकानं आणि पुण्यातला बुधवार-रविवारचा जुना बाजार इथे जाणं-येणं असतं. बरोबर बहुतेकदा कुणीतरी गिऱ्हाईक असतं आणि नवीन फ्लॅटमध्ये ‘एखादी जुनी वस्तू’ हवी असते. ती वस्तू आरसा असेल तर मला मनापासून आनंद होतो. जुनं कपाट जागा अडवतं. आरसा खोलीला उजेड देतो.

मागची फळी काढू दिली तर काचेची पाठ बघायची. ती विटकरी, तपकिरी किंवा करड्या रंगाने रंगवलेली असेल तर आरसा चांदीचा. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी 1835 मध्ये काचेवर चांदीचा थर बसवण्याची रासायनिक वाट दाखवली. पुढच्या काही दशकांत ती कारखान्यांत रुळली आणि आपल्या बाजारात दिसणारे बहुतेक जुने आरसे त्यानंतरचे आहेत. पाठ न रंगवलेली, पांढुरकी, धातूच्या बारीक कणांनी चमचमणारी असेल, तर मात्र आरसा कथिल आणि पाऱ्याचा असू शकतो. संगमरवरी मेजावर कथिलाचा पत्रा पसरायचा, त्यावर पारा ओतायचा, काच अलगद सरकवायची, वर वजनं ठेवायची आणि मेज तिरकं करून जादा पारा कित्येक दिवस निथळू द्यायचा, अशी ती रीत होती. बव्हेरियातल्या फ्युर्ट गावी हे काम करणाऱ्या कारागिरांचे हात थरथरत, दात पडत. आडोल्फ कुसमाउल या डॉक्टरांनी 1861 मध्ये त्यांच्या पाऱ्याच्या विषबाधेवर ग्रंथ लिहिला. असा आरसा समोर आला की मला त्या कारागिरांची आठवण होते, आणि तो निष्काळजीपणे हाताळणाऱ्याचा रागही येतो. पारा अजूनही हळूहळू खाली उतरत असतो. चौकटीच्या खालच्या पट्टीत चंदेरी थेंब दिसले तर तो आरसा निजायच्या खोलीसाठी घेऊ नये, घासू नये, त्याला उष्णता देऊ नये. थेंब घरात सांडलेच तर झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर अजिबात फिरवू नये.

चांदीच्या आरशाला वेगळं दुखणं असतं. ओल आणि हवेतलं गंधक आत शिरलं की चांदी काळी पडते. सुरुवात कडेने होते, त्यातही खालच्या कडेने, कारण पुसताना पाणी ओघळून तिथे साचतं. मागच्या दोन फळ्यांमध्ये फट असेल तर बरोबर तिच्या समोर काळसर उभी रेघ उमटते, कारण हवा तिथूनच आत येते. ही रेघ मला फार आवडते, ती सहसा नकली करता येत नाही. हल्ली आम्ल मारून डाग पाडलेले आरसे सर्रास मिळतात. त्यांत डाग मध्यभागी आणि कडेला सारखेच विखुरलेले असतात आणि मागच्या फळीशी त्यांचं काही नातं नसतं. सजावट म्हणून असा आरसा घ्यायला हरकत नाही, पण पैसे नव्या आरशाचे द्यावेत. विलायती दारूच्या जाहिराती रंगवलेल्या आरशांबद्दलही हेच सांगेन.

पुढच्या बाजूला तीन गोष्टी बघाव्यात. पांढरा कागद काचेला टेकवून त्याचा रंग आरशात कसा दिसतो ते पाहावं. जुन्या काचेत तो किंचित करडा, हिरवट किंवा पिवळसर दिसतो. पेन्सिलीचं टोक काचेवर टेकवून टोक आणि प्रतिबिंब यांतलं अंतर बघावं, त्यावरून काचेची जाडी कळते. चारही कोपऱ्यांत हे अंतर वेगवेगळं भरलं तर काच जुन्या पद्धतीने घासून सपाट केलेली असण्याची शक्यता मोठी. मग आरशापुढून आडवं चालत जावं आणि समोरच्या दाराची चौकट वाकते का ते बघावं. वाकली म्हणजे आरसा फार जुना, असं दुकानदार छातीठोक सांगतात. ते अर्धंच खरं आहे. लाटा एकमेकींना समांतर, एकाच दिशेने जात असतील तर काच यंत्राने ओढून काढलेली, म्हणजे विसाव्या शतकातली. ती पद्धत एमिल फूर्को या बेल्जियमच्या माणसाची. पिल्किंग्टन कंपनीने 1959 मध्ये फ्लोट काच जाहीर केली, तिचा प्रसार होईपर्यंत साध्या काचेत अशा लाटा असायच्याच.

बेल्जियमचा विषय निघालाच आहे. आपल्या बाजारात कड तासलेला प्रत्येक आरसा ‘बेल्जियम’ असतो. एकोणिसाव्या शतकात बेल्जियम काचेचा मोठा निर्यातदार होता, मुंबईच्या इराण्यांच्या हॉटेलांत सागवानी चौकटीतले तसे आरसे लागले, हे खरं आहे. पण नुसत्या तासलेल्या कडेवरून देश ठरत नाही. डोळे मिटून कडेवरून बोट फिरवावं. जुना उतार इतका सौम्य असतो की तो कुठे सुरू झाला ते बोटाला पटकन कळत नाही. नव्या यंत्राची धार लगेच लागते.

आता ज्यावर गिऱ्हाइकांशी माझं सगळ्यात जास्त बोलणं होतं ती गोष्ट. चौकट जुनी ठेवू आणि काच नवी घालू, असं दहातली आठ माणसं म्हणतात. मी शक्यतो ते काम घेत नाही. शिसवी चौकटीवरची वेल सुंदर असेल, पण वेल आजचा कारागीरही कोरू शकतो. त्या काळची काच आणि तिच्यामागची चांदी आज कुणी करून देणार नाही. नवी काच उजेड जसाच्या तसा परत फेकते. जुनी तो थोडा स्वतःजवळ ठेवते, त्यामुळे तिच्यासमोर संध्याकाळी एकच दिवा लावला तरी खोली मऊ दिसते.  जुन्या आरशात कुंकू नीट लावता येत नाही, दाढी करता येत नाही, हे मान्य. त्यासाठी न्हाणीघरात नवा आरसा लावावा. या आरशाचं काम वेगळं आहे.

ते काम ठरवताना मी घरी जाऊन आधी समोरची भिंत बघते. आरसा घेतला म्हणजे समोर जे आहे ते तुम्ही दुप्पट केलंत. कोथरूडच्या एका घरात आजींना आरसा दिवाणखान्यात सोफ्यावर हवा होता. समोर होता टीव्ही. “अहो आजी, मालिका दोनदा बघायची आहे का?” असं विचारल्यावर त्या हसल्या, आणि आम्ही आरसा स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच्या बोळकांडीत लावला. तिथे दिवसासुद्धा दिवा लागायचा, तो आता लागत नाही. खिडकीतला शेवगा बोळकांडीत येतो.

आरसा टांगताना वरचा भाग भिंतीपासून थोडा पुढे झुकलेला ठेवावा. खाली बसलेल्या माणसाचंही प्रतिबिंब त्यात येतं आणि छताचा पंखा दिसत नाही. पावसाळ्यात ओलावणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर तर तो लावूच नये. दुसऱ्या भिंतीवरही मागे लाकडाच्या चकत्या लावून हवेला वाट ठेवावी. वजनाचा हिशेब आधी करावा: सहा मिलिमीटर जाडीच्या काचेचं वजन चौरस मीटरला 15 किलो भरतं, सागवानी चौकट वेगळी. जिप्समच्या पार्टिशनवर हे तोलणार नाही, विटेत खोल रुतलेले दोन हूक हवेत. आणि पुसायचा फवारा काचेवर कधीच मारू नये. जुन्या धोतराचा मऊ तुकडा किंचित ओला करून घ्यावा, कडेला मात्र कोरडाच फिरवावा.

एवढं सगळं ऐकून कुणी विचारतं, की मग चांगला आरसा मिळेल कुठे? मी म्हणते, आधी आईकडे, मावशीकडे, गावच्या घरी बघा. पुण्या-मुंबईत सोसायट्या पुनर्विकासाला जातात तेव्हा आरशाची कपाटं आणि तीन पाखांची ड्रेसिंग टेबलं अडगळ म्हणून भंगारात जातात. भंगारवाल्याला लाकूड हवं असतं, काच तो तिथेच फोडतो. मी ते होताना पाहिलंय आणि अजूनही माझ्याच्याने ते बघवत नाही. कपाट ठेवायला जागा नसेल तर नका ठेवू. दाराच्या आतल्या बाजूची लाकडी पट्टी सोडवली की आरसा मोकळा होतो, कुणीही बरा सुतार ते करून देईल. मात्र दार बिजागऱ्यांवर उभं असतानाच पट्टी काढा, काच दोघांनी धरा, गोधडीत गुंडाळा आणि टेम्पोत उभीच ठेवा. आडवी ठेवली तर पहिल्या खड्ड्यात तडकेल.