बाबांचं फडकं

अखेर गाडी घेतली. नातेवाइकांना फोन करून झालेत, त्यामुळे ती बातमी इथे परत सांगत नाही. सांगायचंय ते तिच्या रंगाबद्दल. आणि बाबांबद्दल.

किल्ली हातात यायच्या आधीच "सर, कोटिंग?" सुरू झालं होतं. पीपीएफ म्हणजे पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म, जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन. उडालेले खडे ती अंगावर घेते, आणि चांगल्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उन्हाच्या उबेने भरून येतात. सिरॅमिक म्हणजे सिलिकायुक्त द्रव. वाळल्यावर त्याचा अगदी पातळ थर उरतो. त्यावर पाणी थांबत नाही, धूळ लवकर निघते, पण खडा बसला की टवका उडणारच. सेल्समन मात्र "९एच, सर!" असं म्हणत होता, जणू चिलखतच. घरी येऊन वाचलं तर ९एच हे पेन्सिलीच्या कडकपणाचं माप निघालं. पेन्सिल! पूर्ण गाडीला फिल्म लावायचा भाव ऐकून बायकोने ज्या नजरेने पाहिलं, ते लिहीत नाही. शेवटी बंपरला आणि दारांच्या कडांना फिल्म, बाकी सिरॅमिक.

तर, बाबा. स्कूटरपासून आजवरची प्रत्येक गाडी त्यांनी रोज सकाळी पुसलीय. कोरड्या फडक्याने, तेही जुन्या बनियनच्या. आठवड्याभराने खाली गेलो, बॉनेटवर तिरकं ऊन पडलं होतं, आणि त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेषा! धूळ म्हणजे बारीक वाळूच की. कोरडी घासली की पॉलिशपेपर. आणि रंगावरचा क्लिअरकोट जेमतेम ४०-५० मायक्रॉन. हे सगळं मी बाबांना समजावलं. जरा जास्तच समजावलं. "केवढे पैसे घातलेत माहितीय का" असंही बोलून गेलो.

"बरं," म्हणाले, आणि फडक्याची घडी घालून ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून ते खाली जाईनात. पेपर घेऊन गॅलरीत. पार्किंगमध्ये त्या वेळी तळमजल्यावरचे दोन काका त्यांच्याशी गप्पा मारायला यायचे, हे मला ते विचारायला आले तेव्हा कळलं.

दसऱ्याला आईने बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. सिरॅमिकवर ते कुठलं टिकायला! थेंब थेंब होऊन घरंगळलं. "कसली रे गाडी घेतलीस, देवाचंसुद्धा चिकटत नाही!" बाबा खूप दिवसांनी मोठ्याने हसले.

रविवारी मी दोन बादल्या, शाम्पू आणि मायक्रोफायबरची दोन फडकी घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. आधी नुसतं पाणी, मग शाम्पू, दुसऱ्या बादलीत फडकं खळबळायचं, वगैरे वगैरे.

"दुसरी बादली कशाला? पाणी काय फुकट येतं?" असं म्हणत बाबांनी लुंगी वर खोचली.

बॉनेटच्या रेषा अजून आहेत. पॉलिश करून जातील म्हणतात. बघू.