गॅरेज, चेतक आणि पंचगंगा

कोल्हापुरात ‘गॅरेज कुठाय?’ असं विचारून बघा. लोक तुम्हाला थेट उद्यमनगरचा रस्ता दाखवतील! इथे गॅरेज म्हणजे लेथचा आवाज, ग्रीसचे हात आणि चहा. घरातल्या गाडीच्या खोलीला गॅरेज म्हणायचं, हे माझं पुण्याच्या नोकरीतून आलेलं शहाणपण. बाबांसाठी ती ‘गाडीची खोली’च. नागाळा पार्कात, दहा बाय अठरा फूट, खाली कोबा, कोपऱ्यात बाबांची बजाज चेतक आणि भिंतीवर छातीच्या उंचीला एक मातकट रेघ. २०१९ची.

त्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, रस्ता बंद झाला आणि मी पुण्यात फोन हातात धरून बसून राहिलो. आईबाबांनी दोघांनीच जमेल तेवढं सामान वर नेलं. चेतक खालीच राहिली. २०२१च्या जुलैत पुन्हा तेच. दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. कोबा तेव्हापासून जो फुगला, तो दरवर्षी थोडा थोडा उखडतोच आहे.

म्हणून एका वीकेंडला पहाटेची गाडी पकडली, मिसळ हाणली आणि बाबांना घेऊन फरशी शोधायला निघालो. मला हव्या होत्या इंटरलॉकिंग टाइल्स. सिमेंट नको, गवंडी नको. एकीचे दात दुसरीत अडकवायचे की झालं! बाबा तीस वर्षं उद्यमनगरात लेथवर. त्यांचं म्हणणं एकच, ‘‘फरशी म्हणजे काय सतरंजी हाय व्हय, अंथरायला?’’

दुकानात तीन प्रकार समोर आले. पहिला रबराचा. पायाला मऊ, पाना पडला तरी आवाज नाही. पण एकेक तुकडा उचलताना कंबर आठवते. दुसरा पीव्हीसीचा. दिसायला झकास, पण टायरच्या रबरातली द्रव्यं त्यात उतरतात आणि फिकट रंगावर पिवळे-तपकिरी डाग पडतात. ते धुऊन जात नाहीत. घ्यायचाच तर काळा किंवा गडद करडा घ्या. तिसरा पॉलिप्रॉपिलीनचा, जाळीचा. पावसात भिजलेली गाडी आत आणली तरी पाणी जाळीतून खाली जातं, आणि पेट्रोल-ऑइल सांडलं तरी याला फारसं काही होत नाही. मात्र वेल्डिंगची ठिणगी आणि जॅकचा टोकदार भार याला चालत नाही. जॅकखाली प्लायवूडचा तुकडा ठेवायचा.

‘‘हीच घ्या की साहेब, लई चालतीय,’’ दुकानदार म्हणाला. बाबांनी काही न बोलता नमुन्याचा तुकडा उचलला आणि दाराजवळच्या पाण्याच्या बादलीत टाकला.

तरंगला!

‘‘बघ,’’ बाबा म्हणाले, ‘‘पूर आला की तुझी फरशी पंचगंगेत फिरायला जाणार.’’

दुकानदार हसला. मला हसू येईना, कारण ते खरं होतं. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं. रबर आणि पीव्हीसी बुडतात, जागेवर राहतात. पण मग त्यांच्याखाली जो गाळ बसतो, तो कोण काढणार? सत्तरीतले बाबा?

परतताना डोक्यात उजेड पडला. जी तरंगते, तीच उचलता येते! पुराला टिकणारी फरशी शोधण्यात अर्थच नव्हता. पूर यायच्या आत वर नेता येईल अशी हवी होती. बाबांनी हे ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, ‘‘मग जाळीचीच घे. पण आधी कोबा नीट करून घे, खालची जमीन सपाट पाहिजे.’’

कोबा दुरुस्त झाला, चांगला सुकला. फूटभराच्या चौकोनी टाइल्स, म्हणजे १८० लागणार. कापाकापी आणि तुटफूट धरून २०० आणल्या. भिंतीलगत बोटाच्या जाडीएवढी फट सोडली, कारण उन्हाळ्यात प्लास्टिक प्रसरण पावतं आणि जागा नसेल तर मधेच फुगून वर येतं. बसवायला एक दुपार पुरली. मग बाबांनी घड्याळ लावून सगळ्या परत काढायला लावल्या! पाच-पाचच्या पट्ट्या करून जिन्यावरून वर. आम्हा दोघांना पन्नास मिनिटं लागली.

‘‘बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा असतो,’’ मी म्हणालो. ‘‘३९ झालं की फोन करा, मी लगेच निघतो.’’

बाबा चेतक पुसत होते. मान वर न करता म्हणाले, ‘‘३९ला नको. ३५लाच नीघ. शिरोली बंद व्हायच्या आत घरात पाहिजेस.’’

आता पावसाळ्यात ऑफिसात माझ्या स्क्रीनच्या कडेला एक पिवळी चिठ्ठी असते. तिच्यावर फक्त ‘३५’ लिहिलेलं असतं. शेजारचे विचारतात, टार्गेट आहे का? मी हो म्हणतो.