दुसऱ्यांदा कुवेत

मैत्रिणींनो, पहिल्यांदा परदेशी निघालेल्या बाईला सल्ला द्यायला सारं गाव धावतं. कुणी लोणच्याची बरणी कशी बांधायची ते दाखवतं, कुणी कुकरच्या दोन रिंगा जादा घे म्हणतं. पण जिथं एकदा राहून आलो त्याच शहरात पुन्हा बिऱ्हाड न्यायचं असलं, की सगळ्यांचं एकच म्हणणं, "तुला काय सांगायचं बाई, तुला सगळं ठाऊकच आहे!"

गेल्या महिन्यात माझी पुतणी आमगावहून आली होती. २०२० साली करोनाच्या धामधुमीत नवऱ्याची नोकरी गेली, तेव्हा सरकारच्या 'वंदे भारत' विमानातून ती मुलांना घेऊन कुवेतहून परतली होती. आता नवऱ्याला तिथलं बोलावणं आलंय. "काकू, या खेपेला काही अवघड नाही, सगळं ओळखीचंच आहे," असं ती म्हणाली आणि मला राहवेना. कारण हे 'ओळखीचं' प्रकरण किती दमवतं ते मी भोगलं आहे. तिला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. तुमच्याही घरची एखादी लेक-सून अशीच बांधाबांध करीत असेल.

आम्ही कुवेतला गेलो १९८३ साली. आमचे 'हे' एका बांधकाम कंपनीत हिशेबनीस होते. हवल्ली नावाच्या भागात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. थोरली तेव्हा पाच वर्षांची होती, धाकटा तिथंच झाला. सात वर्षांत संसार चांगला बसला होता. २ ऑगस्ट १९९० ला, गुरुवारी पहाटे, इराकचं सैन्य शहरात शिरलं. पुढचं तुम्ही वाचलं असेल, सिनेमातही पाहिलं असेल, म्हणून लांबवत नाही. सप्टेंबरात आम्ही बसनं बसरा, बगदाद करीत जॉर्डनच्या सरहद्दीवर आलो, तंबूत दिवस काढले आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानानं मुंबई गाठली. असे सुमारे १,७०,००० भारतीय त्या दोन-अडीच महिन्यांत परत आले. प्रत्येकी एक पिशवी, एवढंच सामान. मुंबईहून हावड्याची गाडी धरून गोंदियाला उतरलो, तेव्हा स्टेशनावर सासूबाईंनी धाकट्याला आधी चाचपून पाहिलं, मग कडेवर घेतलं.

गोंदियात आम्ही दीड वर्षाच्या वर राहिलो. (तेव्हा आमचा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होता, वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला.) हे भावजींच्या तांदळाच्या दुकानात बसू लागले. कुणी वाईट वागलं नाही, पण नाही म्हटलं तरी चार माणसांत "ह्यांचं सगळं गेलं हो" हे वाक्य कानावर येतच होतं. मुलं मात्र रुळली. राइस मिलचा भोंगा, दिवाळीचे पोहे, मामाच्या शेतावरची धानकापणी, यात थोरली इतकी रमली की तिच्या तोंडी झाडीपट्टीचं हेल काढून बोलणं आलं. आणि नेमकं तेव्हाच कंपनीचं पत्र आलं.

हे १९९१ च्या सप्टेंबरात एकटेच पुढं गेले. इराकी सैन्यानं जाता जाता सहाशेच्या वर तेलविहिरी पेटवल्या होत्या. शेवटची विझली ६ नोव्हेंबरला. ह्यांच्या पत्रांना काजळीचा वास यायचा असं मला वाटे. खरंच येत असेल किंवा नसेलही. 'एप्रिलात शाळा सुरू होतात, परीक्षा झाली की या,' असं त्यांनी लिहिलं. थोरलीनं दोन दिवस जेवण सोडलं. मी सासूबाईंना विचारलं. मनातून वाटत होतं, त्यांनी नको म्हणावं. त्या सुपात लाखोळीची डाळ पाखडत होत्या. म्हणाल्या, "घर काही तुह्या वाटेकडं पाहत नसन वो बाई. पण माणूस पाहते ना तिथं. जाय."

तर १९९२ च्या एप्रिलात आम्ही पुन्हा हवल्लीच्या त्याच इमारतीत. तोच जिना, तोच तुटका कठडा. दार उघडलं आणि हात आपोआप डावीकडच्या दिव्याच्या बटणाकडं गेला. बटणच नव्हतं, भिंतीत नुसतं भोक. फ्रिज, शिवणयंत्र, पंखे, गाद्या, पातेल्यांपर्यंत सगळं लुटलेलं. ह्यांनी एक शेगडी, चार भांडी आणि तीन सतरंज्या घेऊन ठेवल्या होत्या. उरलेल्या वस्तूंवर तेलकट काजळीचा थर. ही काजळी ओल्या फडक्यानं पुसू नये बरं का, ती अधिकच पसरते. आधी कोरड्या फडक्यानं वरच्यावर टिपून घ्यायची, भिंतीवरून वरून खाली यायचं, आणि मगच कोमट पाणी नि साबण. आम्हाला तीन आठवडे लागले.

पण माझं लक्ष घरात नव्हतंच. मी मुरमुऱ्याचे लाडू घेऊन समोरच्या दारावर गेले होते.

समोर एक पॅलेस्टिनी कुटुंब राहायचं. ती बाई शाळेत शिकवायची. माझी मुलं तिला 'खालतो' म्हणत. त्यांच्याकडे मावशीला तसंच म्हणतात. आपल्या 'खाला'चंच भावंड दिसतंय. धाकट्याच्या वेळी मी दवाखान्यात असताना थोरली पाच दिवस तिच्याकडे जेवली. निघताना घराची किल्ली मी तिच्याच हातात दिली होती. तिनं दार उघडेल, मला ओरडून मिठी मारेल, हे चित्र मी गोंदियात कितीदा रंगवलं होतं!

दार उघडलं एका अनोळखी माणसानं.

मैत्रिणींनो, पॅलेस्टिनी नेते यासर अराफात सद्दामच्या बाजूचे ठरले, आणि त्याचा राग साध्या माणसांवर निघाला. युद्धाआधी कुवेतमध्ये जवळजवळ चार लाख पॅलेस्टिनी होते. हवल्ली तर त्यांचीच. युद्धानंतरच्या वर्षा-दीड वर्षात त्यांतले फार थोडे उरले. आमची शेजारीण १९९१ च्या उन्हाळ्यात अम्मानला गेली होती. ज्या अम्माननं आम्हाला सोडवून घरी धाडलं, तिथंच ती बेघर होऊन गेली. जाताना तिनं इमारतीच्या रखवालदाराकडे (तिथं त्याला हारिस म्हणतात) आमच्या नावानं एक गाठोडं ठेवलं होतं. ते ह्यांनी ट्रंकेत जपून ठेवलं होतं. उघडलं तर आमच्या लग्नाचा आल्बम, मुलांच्या जन्माचे दाखले आणि किल्ली. घर लुटलं जायच्या आधी तिनं एवढं उचलून नेलं असणार. पत्ता काही नव्हता.

ह्यांना हे सगळं सप्टेंबरापासून माहीत होतं. पत्रात एक अक्षर नाही. विचारलं तर म्हणाले, "लिहिलं असतं तर तू आली असतीस का?" मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही. खरं सांगायचं तर त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला आजही देता येत नाही.

नवीन गावात आपण काही शोधत नसतो. वाणी कुठला, दूधवाला कुठला, विचारत विचारत जातो; काही मिळालं की बरं वाटतं. जुन्या गावात प्रत्येक वळणावर आपण काहीतरी धरून चालतो आणि ते तिथं नसतं. कोपऱ्यावरचा बकाला, म्हणजे वाणी, तोच. पण मालक वेगळा. नोटासुद्धा बदललेल्या: लुटून नेलेल्या नोटा चालू नयेत म्हणून कुवेतनं १९९१ च्या मार्चमध्ये नव्याच काढल्या होत्या. थोरलीच्या वर्गात जुन्यांपैकी दोनच मुली. ती घरी येऊन म्हणाली, "तू म्हणाली होतीस सगळ्या असतील." मी असं म्हटलं नव्हतं, विमानात ह्यांच्या बहिणीनं म्हटलं होतं, पण ते सांगण्यात काय अर्थ? म्हणून पुतणीला बजावलं, मुलांना 'पहिल्यासारखं' हा शब्दच देऊ नकोस. नवीन गावी चाललोय असंच सांग. ओळखीचं काही भेटलं तर ती वरकमाई. धाकट्याला काहीच आठवत नव्हतं, तो आठ दिवसांत खाली चेंडू खेळू लागला. थोरलीला सहा महिने लागले. एरवी घराबाहेर न पडणारी मी रोज संध्याकाळी तिच्याबरोबर समुद्रावर जाऊ लागले. बोलायचो कमीच.

नुकसानभरपाईचंही सांगते. संयुक्त राष्ट्रसंघानं त्यासाठी आयोग नेमला होता. कुवेत सोडावं लागलेल्या कुटुंबाला ठरावीक ५,००० डॉलर, आणि दुसरा कुठलाही दावा करणार नाही असं लिहून दिलं तर ८,०००. सामानाची यादी देऊन जास्त मागायची सोयही होती, पण त्याला पुरावे हवेत. शिवणयंत्राची पावती कोण जपून ठेवतं हो? तीन रात्री आम्ही यादी करीत बसलो. चौथ्या रात्री ती फाडून आम्ही ८,००० च्या कागदावर सही केली. माझ्या मते बरं केलं. ती यादी रोज उगाळत बसलो असतो तर नवीन पातेली घरात आलीच नसती. (इराकनं या भरपाईचा शेवटचा हप्ता भरला तो २०२२ च्या जानेवारीत, म्हणजे एकतीस वर्षांनी!)

सामानाविषयी फार नाही सांगत. आता तिथं सगळं मिळतं. घरचा काळा मसाला नेणार असाल तर खसखस न घालता करा, आखातातल्या बऱ्याच देशांत तिला बंदी आहे. आणि मूळ दाखले, शाळेचे कागद हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नव्हे.

त्यानंतर आम्ही चौदा वर्षं कुवेतला राहिलो आणि २००६ साली गोंदियाला परतलो. अम्मानला जाणाऱ्या-येणाऱ्या ओळखीच्या माणसांबरोबर मी तीनदा शेजारणीसाठी चिठ्ठी धाडली. उत्तर आलं नाही. तिनं शिकवलेला मक्लूबा मात्र आमच्याकडे अजून होतो. तळलेली वांगी, मटण आणि तांदूळ थरांनी शिजवायचे आणि पातेलं ताटात उपडं करायचं. मी आपल्या चिन्नोरचा करते. थोरली माहेरी आली की म्हणते, "आई, खालतोचा असा गिचका नव्हता होत." नव्हताच होत. ती लांब दाण्याचा तांदूळ वापरायची, आणि पातेलं उपडं केल्यावर वर हात ठेवून बराच वेळ गप्पा मारत बसायची.