मोह

आत्याचे माझ्यावर जे ऋण आहे, त्याची सुरुवात माझ्या फजितीपासून होते.

मी चांद्याच्या मिशनच्या वातावरणात वाढलो. हे मिशन मूळ स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा आमची मंडळी त्यात आली. वडील शिक्षक. नेहेम्या नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचे नाव ते फार आदराने घेत. 'षड्दर्शन दर्पण' लिहिणारे, पंडिता रमाबाईंच्या मनावर ज्यांच्या लेखनाचा ठसा उमटला ते शास्त्रीबुवा काही काळ आपल्या चांद्यात राहून गेले, याचा त्यांना कोण अभिमान! एवढ्या विद्वान माणसालाही शंका छळत, हेही वडील सांगत. मी मात्र शास्त्रीबुवांचा वादविवाद तेवढा उचलला. बाविसाव्या वर्षी हातात माइक आला की तास तास खाली ठेववत नसे.

आत्या गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा रस्त्याला, आतल्या एका गावात राहायची. नर्सची नोकरी संपल्यावरही ती तिथेच राहिली. एका उपवासकाळात तिथल्या मंडळीने मला उपदेशाला बोलावले. विषय मीच निवडला : मोह. सकाळी आठची उपासना. हजर माणसे नऊ, त्यांत तीन लेकरे. मी चिडलो आणि जे आले होते त्यांनाच, न आलेल्यांबद्दल झापले. मोहापायी देवाला विसरता, वगैरे. मागच्या एका म्हाताऱ्याला हसू आवरेना. मला तो उर्मट वाटला.

संध्याकाळी उलगडा झाला. सगळे गाव खरोखरच मोहाला गेले होते. फाल्गुन-चैत्रात रात्रीपासून सकाळपर्यंत मोहाची फुले गळतात. वेळेवर वेचली नाहीत तर गुरे, हरणे, अस्वले खातात. घरातले तेल-मीठ, पोरांच्या वह्या या फुलांवर निघतात. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी; बाहेरच्या माणसाला मोह म्हटले की बाटलीच दिसते. मलाही तेवढीच दिसत होती.

दुसऱ्या दिवशी चारलाच आत्याने उठवले. टोपली माझ्या डोक्यावर दिली. शेजारची गोंड बाई आणि तिची पोरगी सोबत होत्या. अस्वलाच्या भीतीने एकटे कोणी जात नाही. प्रत्येक घराचे झाड ठरलेले. कुठे कागद नाही, पण दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी हात घालत नाही. बरेच जण पाचोळा जाळून जमीन मोकळी करतात, त्यातून वणवे लागतात. आत्या खराट्याने झाडून घ्यायची. मी बायबलातल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट सुरू केली : वारा, भूकंप, अग्नी यांपैकी कशातही देव नव्हता, तो त्यानंतरच्या मंद वाणीत होता. ती म्हणाली, "बाबू, चूप बस ना गा. आयक."

टप्. मग थोड्या वेळाने पलीकडे, टप्. अंधारात फूल दिसत नव्हते, नुसते पडलेले कळत होते. उजाडले तेव्हा झाडलेल्या जमिनीवर फिकट पिवळी, टपोरी फुले पसरली होती, हाताला दवाने गार आणि जराशी चिकट. दोन तास आम्ही वाकून वेचत होतो. कोणी प्रार्थना म्हटली नाही. निघताना आत्याने आपल्या टोपलीतल्या चार ओंजळी शेजारणीच्या टोपलीत टाकल्या; तिची थोरली लेक बाळंतीण होती. मीही दोन ओंजळी टाकल्या. मंडळी म्हणजे काय यावर मी तोवर तीन व्याख्याने दिलेली होती.

एका सकाळीत माणूस बदलतो असे नाही. मी पुढेही बरीच वर्षे बडबडत राहिलो. वडील गेले तेव्हा मात्र, इतरांच्या मयतीत बोललेले एकही वाक्य मला आठवेना. आत्या एसटीने आली. आईजवळ बसली, तिचा हात हातात घेऊन. तीन दिवस पाणी भरले, भात टाकला, आल्यागेल्यांना चहा दिला. धीराचा एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या रात्री मी पहिल्यांदा रडलो आणि त्या रडण्यातच, कितीतरी वर्षांनी, खरी प्रार्थना झाली. तेव्हा मला ती झाडाखालची पहाट कळली.

पुढे मी त्या गावी जाऊन मंडळीची माफी मागितली आणि मोहाच्या दिवसांत उपासनेची वेळ बदलू या, असे सुचवले. त्याच धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथे सर्वांचे एकमत होईपर्यंत निर्णय होत नाही, ही रीत या मंडळीतही मुरलेली. एक वृद्ध बाई तयार नव्हत्या. देवाची वेळ माणसाने का हलवावी, हा त्यांचा प्रश्न. तीन रविवार आम्ही नुसते बसलो. मी एकदाही तोंड उघडले नाही. चौथ्या रविवारी त्या बाईच म्हणाल्या, "अकराले ठेवा."

आत्या जाऊन आता सहा वर्षे झाली. तिच्या झाडाखाली ती शेजारणीची पोरगी खराटा मारते. दर चैत्रात वाळलेल्या मोहाची एक पिशवी कोणाच्या तरी हाती एसटीने माझ्याकडे येते. यंदाची परवाच आली.