वाळूचा साचा

मेणबत्तीचा स्टँड माझ्याच हातून पडला. गेल्या ऑक्टोबरच्या शेवटी सुट्टीला भालकीला आले होते. २ नोव्हेंबरला, म्हणजे सर्व मृतांच्या स्मरणदिनी, आजोबांच्या फोटोपुढे दोन बिदरी स्टँड लावतात, म्हणून ते पुसायला घेतले. एक निसटला. पितळेचा असता तर पोचा आला असता; ह्याची बैठक सरळ तडकली आणि दोन तुकडे झाले. आज्जी काहीच बोलली नाही. तिनं तुकडे पदरात गोळा केले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

ही जोडी आजोबांनी लग्नानंतर बीदरहून आणलेली. मी तुकडे घेऊन बीदरला एका कारखान्यात गेले. उस्तादांनी ते हातात फिरवले आणि म्हणाले, "बेटा, ये जुडता नहीं. गलाना पडता."

गलाना! आज्जीला हे कसं सांगायचं? आशीर्वाद दिलेली वस्तू वितळवायची? बाबांनी फादरना फोन लावला. फादर म्हणाले, अशी वस्तू कचऱ्यात टाकायची नसते, पण वितळवायला हरकत नाही. आकार गेला की तिचा आशीर्वादही सुटतो. नवी झाली की पुन्हा घेऊन या. आज्जी बराच वेळ जपमाळ चाळवत बसली. मग म्हणाली, "वितळव. पण तिथं तू थांब. सोडून येऊ नको."

म्हणून मी थांबले, आणि बिदरीचं ओतकाम पहिल्यांदा जवळून पाहिलं. पितळेत तांबं जास्त आणि जस्त कमी असतं. बिदरीत उलटं, तांब्याच्या एका भागाला जस्ताचे साधारण सोळा भाग. म्हणून ती पितळेपेक्षा ठिसूळ. जस्त ४२० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, तांब्याला १०८५ लागतात. बिदरीत जस्तच जास्त, त्यामुळे तिला पितळेइतकी आच लागत नाही. उस्तादांनी आधी तुकड्यांतली चांदीची तार उकरून काढली आणि एका डबीत ठेवली.

साचा वाळूचा. बारीक वाळूत एरंडेल आणि राळ मिसळलेली, मुठीत दाबली की बोटांचे ठसे उमटतात. दुसऱ्या स्टँडची बैठक आटे फिरवून सोडवली, कारण नमुना तोच. चौकटीत नमुना ठेवायचा, वर वाळू भरून ठोकायची, उलटवायचं, वर कोरडी भुकटी भुरभुरायची, दुसरी चौकट ठेवून तीही भरायची. मग दोन्ही अलगद वेगळ्या करून नमुना उचलायचा. आत उरते ती पोकळी. तिच्यापर्यंत धातूला वाट कापायची, चौकटी मिटवायच्या आणि ओतायचं.

मी हट्टानं म्हटलं, एकदा मी भरते. नमुना उचलला आणि कड ढासळली. "ठोको जरा, बेटा. रेती को नरम नक्को छोडो." दुसऱ्यांदा हात दुखेपर्यंत ठोकलं. ह्या वेळी कड उभी राहिली. मुशीतून धातू ओतला गेला, तेव्हा आजोबांच्या बैठकीचं काय होतंय ते मी डोळे न मिटता पाहिलं. तेवढं तरी आज्जीला कबूल केलं होतं.

थोड्या वेळानं उस्तादांनी चौकट उघडून साचा मोडला. माझी सगळी मेहनत ढिगाऱ्यात गेली. आम्ही साहित्याचे विद्यार्थी एखादी कथा आवडली नाही की तिला 'साचेबद्ध' म्हणून मोकळे होतो. पण इथे प्रत्येक वस्तूला साचा नव्यानं भरावा लागतो, आणि वस्तू हातात घ्यायची तर तो मोडावाच लागतो.

आतून निघालेली बैठक खरखरीत, राखाडी. पुढचं काम उस्तादांच्या हातचं. कानस मारली, मोरचुदाच्या पाण्यानं काळसर केली, त्यावर नक्षी आखून खोदली आणि खाचांत चांदीची तार ठोकून बसवली. जुन्या डबीतली तार क्रुसासाठी वापरली. शेवटी किल्ल्यातली, वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेली माती नवसागराबरोबर पाण्यात गरम करून लावली. धातू काळाकुट्ट झाला, चांदी मात्र तशीच चमकत राहिली. ही माती कारागीर जिभेवर ठेवून पारखतात. २००६ साली बिदरीला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२३ साली बीदरच्या शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा मी स्टेटसला फोटो टाकला होता. वाळूला हात मात्र आत्ता लागला.

घरी आज्जीनं दोन्ही स्टँड शेजारी ठेवले आणि लगेच म्हणाली, "हा बारीक झाला की गं."

खरंच होतं. तापलेला धातू थंड होताना आकसतो, शंभरात एखाददुसरा भाग. जुन्या वस्तूवरून ओतलेली नवी वस्तू म्हणून नेहमी किंचित लहानच निघते. मी हे समजावून सांगायला लागले, तर आज्जीनं हात केला. "राहू दे. कोणता तुझ्या हातून पडला, ते मला कळायला पायजे की."

मग पहिल्यांदाच ती हसली. २ तारखेला सकाळी मिस्सेनंतर फादरनी नव्या स्टँडला आशीर्वाद दिला. संध्याकाळी मेणबत्त्या मी लावल्या. आज्जीनंच लावायला सांगितल्या.