टपाल कचेरीच्या पायरीवर

सोलापूरच्या मुख्य टपाल कचेरीत आपली माणसे गावाकडे मनीऑर्डर करायला यायची. आता तिथे पासपोर्टचे केंद्र आहे. पूर्वी त्यासाठी पुणे गाठावे लागे. रोजावर पोट असणाऱ्याला ते परवडत नसे.

गेल्या वर्षी बुधवार पेठेतल्या माझ्या भाच्याबरोबर मी तिथे गेलो. पोराला कुवेतला वेल्डरचे काम लागत होते. खिडकीवर कागद तपासले आणि घोडे अडले. शाळेच्या दाखल्यावर आईचे नाव नुसते, आधारवर त्याला ‘बाई’ जोडलेले. जन्मतारखेतही दोन दिवसांचा फरक! शाळा, महापालिका, पुन्हा टपाल कचेरी अशा चकरांत चार महिने गेले. तोवर ती जागा भरली. आता पासपोर्ट घरात आहे, आणि पोरगा चिंचोळी एमआयडीसीत राबतो आहे.

तो दहावी पास आहे, हे मात्र कामी आले. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर साधारणपणे ‘ईसीआर’ शेरा पडतो. मग आखाती देशांसह 18 देशांत कामाला जाताना सरकारची वेगळी परवानगी लागते. मजुराची फसवणूक टळावी म्हणून ही अट आहे; तरी तीही एक रांगच.

पासपोर्टवर जात नसते, धर्म नसतो; माणसाचे नाव असते. आपल्या आजोबांचे नाव कुणी पटावर धड लिहिले नाही. आपण मुलांचे तरी नीट लिहून घेऊ. शाळेत घालतानाच जन्मदाखला ताडून पाहा. एजंटाला पैसे देण्याआधी त्याची सरकारी नोंदणी विचारा. बाबासाहेबांनी ‘शिका’ म्हटले, त्यात आपले कागद वाचणेही आलेच.

जयभीम!