स्नेहाची वाहतूक

केज तालुक्यातील युसूफ वडगावच्या एका विद्यार्थ्याने वक्तृत्व स्पर्धेसाठी लिहिलेले भाषण आमच्याकडून तपासून घेतले. विषय होता, पेशीतील मेदाची वाहतूक. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. शुद्धलेखनापुरतेच पाहायचे असे ठरवून त्याच्या घरच्या ओसरीवर बसलो आणि विषयातच गुंतत गेलो.

भाषण रूप मल्लिक यांच्या संशोधनावर होते. मल्लिक मूळचे भौतिकीचे अभ्यासक. नंतर ते जीवशास्त्राकडे वळले, आणि २०१४ साली त्यांना जीवशास्त्राचाच भटनागर पुरस्कार मिळाला. यकृताच्या पेशीत मेद थेंबांच्या रूपाने साठतो. पेशीत सूक्ष्मनलिकांचे रस्ते असतात आणि त्यांवरून कायनेसिन नावाचे प्रथिन हे थेंब ओढत नेते. त्याचे एक पाऊल आठ नॅनोमीटरचे. म्हणजे मिलिमीटरभर चालायचे तर सव्वा लाख पावले!

मल्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ व २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांत या वाहतुकीचे नियमन उलगडले आहे. जेवणानंतर इन्सुलिन वाढते, थेंबाच्या पृष्ठावर फॉस्फॅटिडिक आम्ल वाढते, त्याला कायनेसिन येऊन चिकटते आणि थेंब पेशीच्या कडेकडे निघतो. तेथे आंतर्द्रव्यजालिकेत मेदाची नवी बांधणी होऊन तो रक्तात सोडला जातो. उपवासात मात्र शरीरभरचा साठवलेला मेद यकृताकडे लोटतो. तो सगळा पुन्हा रक्तात गेला तर अनर्थच. पण तेव्हा इन्सुलिन उतरलेले असते. थेंबांवरचे कायनेसिन कमी होते, आणि यकृत तो मेद धरून ठेवते.

मेदाला आपल्याकडे 'स्निग्ध पदार्थ' म्हणतात. संस्कृतात स्नेह म्हणजे तेल आणि स्नेह म्हणजे माया. अडचणीच्या काळात यकृताने स्नेह राखून ठेवावा, हा योगायोग आम्हांला फार आवडला. विद्यार्थ्याने कायनेसिनला 'पेशीतील हमाल' म्हटले होते. "उत्तम रूपक," असा शेरा आम्ही समासात लिहिला आणि परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला.

चहा घेऊन आलेली त्याची आई थबकून ऐकत होती. तिने विचारले, "मग त्या हमालाला मजुरी कोण देतं?"

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबांप्रमाणे हे घरही दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत मोळ्या वाहायच्या.

उत्तर आमच्याकडे नव्हते. ते तिच्या मुलाने दिले. कायनेसिनच्या प्रत्येक पावलामागे एटीपीचा एक रेणू खर्च होतो. "म्हंजी पावलागणिक रोख," ती म्हणाली, "उचल न्हाई."

वाङ्मयाच्या वर्गात रूपकाची चिकित्सा आम्ही अनेक वर्षे शिकवत आलो आहोत. तरीही हमाल या शब्दातून घाम आणि कर्ज वगळून केवळ ओझे उचलून घेताना आम्हांला काही खटकले नव्हते. शिवाय हे रूपक नेमके उलट्या दिशेने चालते. पेशीत उपासमार आली की ओझी वाहणारे उतरतात. इथे चूल थंडावली की माणसे ओझी वाहायला ट्रकमध्ये चढतात.

आम्ही समासातला शेरा खोडला. रूपक मात्र खोडू दिले नाही. त्यापुढे आईचा प्रश्न आणि मुलाचे उत्तर घालायला सांगितले. स्पर्धेत त्या भाषणाला क्रमांक मिळाला नाही. दिवाळीनंतर त्या घराला कुलूप लागले. मुलगा आजीजवळ राहिला आणि वर्गात येत राहिला. त्या कुटुंबाने तेवढा स्नेह राखून ठेवला होता.